जुव्यावरची कुर्ली

“ताई, तुमचा माल डुप्लिकेट निघाला,” असं रत्नागिरीहून एका गृहस्थांनी मला फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी रत्नागिरीच्या एसटीत बसले होते. मधल्या वेळात मी घरात काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं बेअरिंगचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते. उसाच्या चरकापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जे जे म्हणून गरगर फिरतं, त्याच्या पोटात आमचं काहीतरी असतं. माणसं येतात, नंबर सांगतात, डबी घेऊन जातात. ती पुढं कुठं बसते, कुणाचं काय चालवते, हे मला कळत नाही आणि खरं सांगायचं तर कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. पण आमच्या दुकानातून खोटा माल गेला, असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

गृहस्थांचं नाव दत्ताराम, पण सगळे त्यांना भाई म्हणतात. त्यांच्याकडे जमिनीवर आणि पाण्यात, दोन्हीकडे चालणारी सहा चाकांची गाडी होती. तिच्या एक्सलची बेअरिंग त्यांनी दिवाळीच्या सुमारास आमच्याकडून कुरिअरनं मागवली होती. आंब्याला मोहोर येतोय न येतोय तोवर ती सगळी ओरडायला लागली. मी म्हटलं, परत पाठवा, बघते. त्यावर ते म्हणाले, “बगायला वेळ नाय ताई. शुक्रवारी गाडी चालली नाय, तर रविवारी माजी बायको घर सोडून जाईल.”

बेअरिंगवरून कुणाची बायको घर सोडून गेल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. पिशवीत नव्या बेअरिंगच्या डब्या भरल्या, बेअरिंग ओढून काढायचा पुलर घेतला आणि भांडायचं कसं याची उजळणी करत मी निघाले.

आंबा घाटाचं आणि माझ्या पोटाचं जुनं वैर आहे. मलकापूर सोडलं तशी मी खिडकी उघडून बसले, मांडीवर ती जड पिशवी. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, “ताई, काय आहे एवढं? खाली ठेवा की.”

“बेअरिंग आहेत.”

“मला वाटलं, लग्नाचं भांडं.”

घाटातल्या वळणांवर भांडणाची उजळणी मागं पडली आणि तोंडाला पदर लावून बसायची वेळ आली. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून लिंबू चोखलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा कुठं जगात परत आले. तिथून पुढं बसमधली भाषा बदलली. आमच्याकडचं बोलणं ठोकून खाली बसतं. इथली वाक्यं शेवटाला उचलली जातात, बोलणारा रागावलाय की विचारतोय ते पटकन कळत नाही. बाहेरही सगळं तांबडं. कातळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि त्या दगडातच खड्डे करून लावलेली कलमं मोहोरानं भरलेली. आमच्या काळ्या जमिनीवर वाढलेल्या माणसाला हे बघून प्रश्न पडतो की या झाडांना जेवायला कोण घालतं.

रत्नागिरीच्या स्टँडवर रिक्षावाल्याला पत्ता सांगू लागले, तर त्यानं निम्म्यातच मला थांबवलं.

“कुर्लीवाल्या भाईंकडं ना? बसा.”

कुर्ली म्हणजे खेकडीण. चिखलातून सहा चाकांवर ती गाडी सरळ जायची सोडून तिरकी तिरकी जाते म्हणून लोकांनी तिला ते नाव ठेवलेलं. जाता जाता त्यानं रिक्षा मांडवीच्या किनाऱ्यावरून घेतली आणि कठड्याशी थांबवून समोर हात केला. “ही गाडी आदी इतं होती. टुरिस्टांना फिरवायची. पुळणीवरनं (वाळूच्या किनाऱ्यावरून) सुटायची ती थेट पान्यात. मंगे (मग) धंदा बसला नि गाडी पडून ऱ्हायली. भाईंनी उचलली.”

“कशाला? ते काय टुरिस्ट फिरवतात?”

“वैनींसाठी उचलली,” तो म्हणाला. “तिकडं गेल्यावर कळेल तुमाला.”

मांडवीवर कोकम सरबत प्याले. कोल्हापुरात बाटलीतलं मिळतं त्याचा आणि याचा एकमेकांशी काही संबंध नसावा. मग रिक्षानं शहर मागं टाकलं आणि खाडीकाठानं आत आत जात मला एका धक्क्यावर सोडलं. रिक्षावाला गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढं खाडी आहे, पण खाडीत पाणी नाही.

पलीकडे माडांचा एक हिरवा पुंजका दिसत होता. तो जुवा (खाडीतलं बेट). जुवा आणि मी यांच्यामध्ये नुसता राखाडी, चकचकीत चिखल, आणि त्यात एक होडी कुशीवर झोपलेली. भाईंनी मला दुपारच्या भरतीला या म्हणून सांगितलं होतं. पण भांडायला निघालेली बाई वाट कसली बघतेय. अंतर काही फार नव्हतं. मी साडी खोचली, पिशवी डोक्यावर घेतली आणि उतरले.

थोडं गेले असेन, तेवढ्यात उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढून काढला तर पाय आला, चप्पल आली नाही. अस्सल कोल्हापुरी, कापशीची चप्पल होती. ती शोधायला वाकले तशी डावा पायही गेला, आणि मी डोक्यावर बेअरिंगची पिशवी सांभाळत, ना पुढं ना मागं अशी उभी राहिले.

“बाय, उगी ऱ्हा. हालू नको.” चिखलातून तिसऱ्या (शिंपले) गोळा करणारी एक म्हातारी लाकडाची फळी सरकवत माझ्याकडे आली. “सुकती हाय (ओहोटी आहे), दिसत नाय काय? आता हितं बगळ्यानं चालायचं, मानसानं नाय.”

तिनं मला फळीवर ओणवं केलं आणि ओढत धक्क्यापर्यंत परत नेलं. चप्पल खाडीनं ठेवून घेतली. आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो, मी पाय धूत, ती हसत. भरती यायला वेळ होता, तेवढ्यात तिनं मला सगळं सांगितलं.

भाईंच्या बायकोची, सुमतीवहिनींची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा रत्नागिरीला डायलिसिसला जावं लागतं, पुढचा वार शुक्रवार. आणि इथंच सगळी मेख होती. भरतीची वेळ रोज पुढं सरकते, दवाखान्यातल्या मशीनची वेळ सरकत नाही. भरती असली की होडी घराच्या पायरीला लागते. नसली की मी आत्ता पाहिलं तेच.

“आदी काय करायची म्हायताय? रातच्या भरतीला हिकडं यायची नि ह्या पायऱ्यांवर उजाडेपर्यंत बसायची. नायतर चार बापये (पुरुष) तिला खुर्चीवर बसवून चिखलातनं न्यायचे. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं तिला. कुर्ली आली नि सुटली. आता ती पन बसली.” म्हातारीनं टोपलीतल्या तिसऱ्या हलवल्या. “पोरगा लोट्याला एमआयडीसीत कंपनीत हाय. चिपळुनात ऱ्हातो, तिकडं दवाखाना जवळ. रविवारी टेंपो घेऊन येनार, सामान न्यायला. एकदा गेली की परत काय येत नाय ती.”

बायको घर सोडून जाईल, म्हणजे असं. माझ्या भांडणातली बरीच हवा तिथंच गेली. पण सगळी गेली असं मी म्हणणार नाही. माल खोटा नव्हताच, हे मला अजून सांगायचं होतं.

पाणी आलं ते गुपचूप आलं. झोपलेली होडी आपली आपण उभी राहिली, आणि पलीकडून भाई दुसरी होडी वल्हवत आले. काटकुळा, उंच माणूस, कानाला मफलर. माझ्या अनवाणी पायांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि हात देऊन मला होडीत घेतलं. तरुणपणापासून त्यांनी मोठ्या बोटींवर इंजिन रूममध्ये ऑइलमनचं काम केलेलं. साऱ्या जगातली बंदरं पाहिली, असं म्हणाले, पण आतूनच.

“भाई, माल खरा आहे,” मी म्हटलं. “डबीवरचा शिक्का तुम्ही बघितला असेल.”

“बगितला. मंगे मी खोटा काय?”

“तसं नाही म्हणत.”

“बेरिंग दोन म्हयन्यांत जातं काय ताई? बोटीवर वर्सानुवर्सं जात नाय.”

बाकीची खाडी मी पिशवीतल्या डब्यांवरचे शिक्के तपासत ओलांडली.

सुमतीवहिनी पायरीवर उभ्या होत्या. अंगानं बारीक, कपाळाला ठसठशीत कुंकू, डाव्या हातावर डायलिसिसच्या सुया टोचायची फुगलेली शीर कोपरापर्यंत उठून दिसत होती. “आदी पानी घ्या,” म्हणून त्यांनी मला तांब्या भरून दिला. मी घटाघटा प्याले आणि मग मला फळीवरची छोटी स्टीलची वाटी दिसली. दिवसभरात त्यांनी त्या वाटीनं मोजूनच पाणी प्यायचं. फार तहान लागली की बर्फाचा खडा तोंडात धरायचा, त्यानं पाणी कमी जातं आणि जीव थंडावतो. फ्रिजमध्ये त्यासाठी बर्फाचा ट्रे भरलेला असायचा. चहूबाजूंनी पाणी असलेल्या घरात ती वाटी बघून मी तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

जेवायला तिसऱ्यांचं सुकं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. तांबडा-पांढरा रस्सा ओरपणारी मी, मला शिंपला खायची रीत काय ठाऊक. पहिलाच घास कवचासकट चावला आणि दाढेतून असा आवाज आला की भाई म्हणाले, “कुर्लीचं बेरिंग असांच वाजतं बगा.” त्या दिवसात ते पहिल्यांदा हसले. वहिनी मला हातानं उघडून मांस काढून देत राहिल्या. स्वतःच्या पानात त्यांनी थोडा भात घेतला होता, आणि अळणी असावा.

मी विचारलं, “चिपळूणला काय वाईट आहे, वहिनी?”

“वाईट काय नाय. पोरगा चांगला, सून त्याच्याहून चांगली. पन तिकडं पुराचं पानी घरात कदी येईल नेम नाय. हितं निदान पानी कुटपर्यंत येतं तां म्हायत हाय.” त्या हसल्या आणि मग हसू तसंच ठेवून म्हणाल्या, “मला हितंच ऱ्हायाचंय. दुसरं काय नाय.”

जेवणं झाल्यावर आम्ही घरामागच्या माडाच्या झापांच्या मांडवात गेलो. कुर्ली तिथं होती. मोठ्या हिरव्या प्लॅस्टिकच्या टबाला दोन्ही बाजूंनी तीन तीन फुगीर चाकं लावावीत, अशी दिसायला. टबात बसायला बाकडी, मागं इंजिन, आणि खालून चेननं सगळी चाकं एकदम फिरतात. पाण्यात गेली की तीच चाकं वल्ह्यासारखी पाणी मारतात. वहिनींच्या जागेवर भाईंनी एक जुनी उशी शिवून घट्ट बांधली होती.

त्यांनी टबाखाली ओंडके दिले. मी चाक हातानं फिरवलं. खरखर अशी, की जात्यात खडा गेलाय. चाक काढलं, बेअरिंग जागी धरणारी कॉलर सैल केली, एक्सल बाहेर ओढला, आणि पुलर लावून बेअरिंग काढलं. बेअरिंग कशानं मेलं ते बेअरिंगच सांगतं, फक्त बघता आलं पाहिजे. हे पिवळ्या-तांबड्या गंजानं माखलं होतं. तोंडावरचं रबरी सील आतून फुगून फाटलं होतं, आणि गोळ्यांच्या मध्ये ग्रीसच्या जागी खारट राडा. पाणी आत गेलं होतं आणि तिथंच राहिलं होतं. डबीवर असतो तोच कंपनीचा शिक्का मात्र बेअरिंगच्या कडीवर अजून स्पष्ट होता. तो मी भाईंना दाखवला. त्यांनी तो अंगठ्यानं पुसून पाहिला.

पुढचं चाक काढताना त्यांनी एक्सलच्या तोंडाशी ठासलेला एक काळा गोळा बोटानं उकरला आणि नीट कागदावर ठेवला, परत बसवायचा असल्यासारखा.

“हे काय?” मी विचारलं.

“पॅकिंग.”

“कसलं पॅकिंग?”

“ग्लँड पॅकिंग. शाफ्ट भायेर जातो तितं पानी आत येऊ नये म्हनून दोर ठासतात. बोटीवर मी जल्मभर तांच केलं.”

“ही बोट नाही, भाई.”

“पान्यात चालते ना?”

मी तिथंच मातीत बसले आणि त्यांना समजावून सांगितलं. या गाडीत पाणी अडवतं ते ग्रीस. आतून ग्रीस-गन मारली की नवं ग्रीस जुन्याला ढकलतं, आणि ते जुनं ग्रीस, वाळू, आत आलेलं पाणी, सगळं चाकाजवळच्या या फटीतून बाहेर पडतं. फट उघडी पाहिजे. ती बुजवली की सगळं आतच कोंडतं, सील फाटतं आणि बेअरिंग खाऱ्या पाण्यात भिजत पडतं.

“गन मारताना घट्ट लागत नव्हती?”

“लागायची. म्हटलं, भरलंय.”

“आणि हे तुम्ही घातलं?”

“मी नाय. दिवाळीला खोललं तवा होतंच. कंपनीचं म्हटलं, तसांच परत बसवलं.”

मी तो गोळा हातात घेऊन उलगडला. कापसाचं पीळ दिलेलं सूत, राळेत आणि तेलात भिजवलेलं, हलक्या हातानं पण घट्ट वळलेलं. आत एक चिंधी निघाली. ग्रीसनं काळी पडली होती, पण कडेला हिरवा काठ दिसत होता.

“भाई, कोणतीही कंपनी लुगड्याच्या काठाचं पॅकिंग घालत नाही,” मी म्हटलं.

भाईंनी ती चिंधी घेतली, उजेडात धरली. त्यांना ती ओळखीची होती हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. मांडवाच्या खांबाला टेकून वहिनी बसल्या होत्या, आमचं काम बघत. आम्ही दोघांनी एकदमच तिकडे पाहिलं.

“मी घातलं,” त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील होड्या बांधायचे. फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ ठासायचं काम घरच्या पोरींकडे असायचं, आणि यांचा हात सगळ्यांत बारीक म्हणून सगळ्यांत अडचणीच्या फटी यांच्याकडे. हे सांगताना त्यांचा आवाज जरा वर चढला, मग खाली आला.

“पावसाळ्यात एकदा गाडीत पायाशी पानी आलं. वाईच (थोडंसंच) होतं. ह्यांनी त्याच सांजेला पोराला फोन केला, गाडीचं काय खरं नाय, आईला तिकडंच घेऊन जा म्हनून. मी आयकलं.” त्या थांबल्या. “मंगे म्हटलं, पानीच नाय आलं तर? दुपारी हे झोपले की करायची. सुटलं की परत ठासायची. पानी याचं बंद झालं की नाय, सांगा तुमीच.”

पाणी यायचं खरंच बंद झालं होतं.

माझा माल खरा ठरला होता. ज्यासाठी घाट उतरून, चप्पल घालवून आले, ते भांडण मी जिंकले होते, आणि मला रडू येत होतं. या घरात राहायला मिळावं म्हणून या बाईनं जे जे हातात होतं ते केलं, आणि तेच तिला घराबाहेर काढायला निघालं होतं. नवऱ्यानं ते हातात धरून पाहिलं, तर त्याला ते बोटीवरच्यासारखं पॅकिंग वाटलं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं.

भाईंनी चिंधी गुडघ्यावर पसरून सरळ केली. मग म्हणाले, “डाव्या हातानं ठासलंस?”

“छिन्नी डाव्यात धरायची. ठोकायचं उजव्यानं.”

“डॉक्टरनं सांगितलंय ना, त्या हाताला जोर द्यायाचा नाय.”

त्यानंतर ते पाना शोधू लागले. पाना समोरच होता, तरी बराच वेळ शोधत होते. शेवटी मी उचलून दिला.

मग आम्ही कामाला लागलो. मी दुकानात बसून विकणारी बाई, पण वडिलांनी लहानपणी गिऱ्हाइकांच्या मोटरींवर हात बसवून घेतला होता, तो आता कामी आला. एक एक चाक, एक एक एक्सल. फटीफटीतून कापूस निघत गेला, आणि तो काढताना मला वाईट वाटत होतं, इतकं सुबक काम होतं ते. सगळी चाकं नीट गेली, शेवटच्यानं मात्र छळलं. जुन्या बेअरिंगची आतली कडी एक्सलला चिकटून बसलेली. पुलरनं निघाली तेव्हा एक्सलला ओरखडे काढून निघाली. पॉलिश पेपरनं घासून घासून गुळगुळीत केलं, तरी नवं बेअरिंग पुढं सरकेना. भाई हातोडी उचलायला लागले, मी त्यांचा हात धरला. नव्या बेअरिंगवर हातोडी मारायची म्हणजे ते त्याच दिवशी मारून टाकायचं.

“बोटीवर शाफ्टला बर्फ लावायचो,” भाई म्हणाले. “लोखंड आवळतं. पन आता मासळीच्या जेटीवरनं बर्फ कोन आननार? भरती उतरली.”

वहिनी उठून घरात गेल्या आणि त्यांचा बर्फाचा ट्रे घेऊन आल्या.

“सुमती, तां तुजं हाय.”

“उद्या परत होईल. घ्या.”

ट्रेमधले खडे फडक्यात बांधून आम्ही एक्सलला गुंडाळले. तिकडे चुलीवर पाणी तापवून बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात सोडलं. बर्फानं आणि गरम पाण्यानं फरक पडतो तो केसाएवढा, पण बेअरिंगला केसच आडवा येतो. फडकं सोडलं, बेअरिंग लावलं, अंगठ्यानं दाबलं, आणि ते आपल्या जागी जाऊन बसलं. वितळलेलं पाणी मातीत गेलं. वहिनींनी त्या ओल्या मातीकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

आता राहिलं ग्रीस. भाई आतून गन मारणार, मी कॉलर बघणार. बाहेरच्या फटीवर लक्ष ठेवायला मी वहिनींना बसवलं, ज्या जागी बसून त्या ठासायच्या तिथंच. “जुनं काळं येईल, मग पिवळं. स्वच्छ पिवळं दिसलं की थांबा म्हणायचं.”

“भायेर येऊ द्यायाचं?” त्यांना ते पटत नव्हतं.

“येऊ द्यायचं.”

भाई गन मारत राहिले. “काळं येतंय,” त्या म्हणाल्या. “काळंच येतंय. अजून काळं.” मग थोडा वेळ काही नाही. मग हळूच, “आता पिवळं. थांबा.” असं सहाही चाकांना झालं. शेवटी मी चाक हातानं फिरवलं. ते फिरत राहिलं आणि काहीच ऐकू आलं नाही. चांगल्या बेअरिंगचा तोच गुण असतो, ते आहे हे कळत नाही.

शुक्रवारी सकाळी उजाडलं तेव्हा खाडी रिकामी होती. बगळे चालत होते. वहिनी उशीवर बसल्या, मी शेजारी, आणि कुर्ली जुव्यावरून खाली उतरली. काल ज्या चिखलानं माझी चप्पल खाल्ली त्याच चिखलावरून ती तिरकी तिरकी, आरामात चालत गेली. मधल्या पाण्याच्या पट्ट्यात शिरली तेव्हा चाकं सुटून गेल्यासारखी वाटली आणि आम्ही तरंगायला लागलो. मी बाकडं घट्ट धरलं. भाई मागं वळून बघत नव्हते. त्यांचा कान चाकांकडे होता.

पाणी आलं. फार नाही, पायाचा तळवा भिजेल इतकं. नव्या सीलांना एक्सलवर नीट बसायला थोडा वेळ लागतो. पुढं कमी झालं तरी एखादा घोट येतच राहणार, असं मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. वहिनी त्या पाण्याकडे बघत होत्या आणि त्यांची बोटं मांडीवर अस्वस्थ हलत होती. निघताना मी वहिनींच्या चुलीजवळची एक करवंटी बरोबर घेतली होती, ती त्यांच्या उजव्या हातात दिली.

“ठासायचं नाही. उपसायचं,” मी म्हटलं.

त्यांनी दोन करवंट्या पाणी बाहेर टाकलं. मग तिसरी टाकली. तेवढंच होतं. आम्ही पलीकडे चढलो.

धक्क्यावर तिसऱ्यांवाली म्हातारी होती. तिनं कुर्लीकडे पाहिलं, माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, “चप्पल मिळाली नाय हां.” दवाखान्यात न्यायला रिक्षा उभी होती. बसण्याआधी वहिनींनी पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. हिरव्या काठाचं कापड. आत बोटभर रुंदीची बोथट छिन्नी होती, मुठीचं लाकूड हाताळून हाताळून काळं झालेलं.

“ही तुमी न्या,” त्या म्हणाल्या. “घरात असली तर माजा हात गप ऱ्हायाचा नाय.”

“वडलांची ना?”

“म्हनून तर.”

मी छिन्नी पुन्हा त्याच कापडात गुंडाळली. त्या रिक्षात बसल्या, वेळ झाली होती.

परत येताना आंबा घाटात पोटात काही ढवळलं नाही. रबरी स्लीपर घातलेली, मांडीवर मेलेल्या बेअरिंगची पिशवी आणि त्यावर ती छिन्नी घेऊन मी खिडकीशी बसले होते. एवढी वर्षं नंबरानं डब्या काढून देत आले, आणि एका डबीच्या पलीकडे एक उशी शिवून बांधलेली आहे हे मला माहीत नव्हतं. त्या आठवड्यापासून मी गिऱ्हाइकाला विचारायला लागले, हे बेअरिंग कुठं लागणार आहे म्हणून. काही जण सांगतात, काही जण चमकून बघतात. वेळ जास्त जातो, धंदा तेवढाच होतो.

त्या रविवारी दुकान बंद होतं, पण मी दिवसभर फोन जवळ ठेवला होता. संध्याकाळी भाईंचा आला.

“पोरगा आला होता.”

मी उठून खिडकीशी गेले.

“तिसऱ्या केल्या होत्या. जेवला नि गेला.”

“आणि टेंपो?”

“रिकामा गेला.”

मग पलीकडून वहिनींनी फोन घेतला आणि पहिलीच चौकशी छिन्नीची केली. तिला गंज चढू देऊ नका म्हणाल्या. मी सांगितलं, ग्रीस लावून गल्ल्याच्या वर ठेवलीय, काल येणाराजाणारा विचारत होता. मग मी विचारलं, “गाडीत पाणी येतं का अजून?”

“येतं वाईच,” त्या म्हणाल्या. “मी हाय ना उपसायला.”